कंत्राटी नियुक्तीतील विलंब

कंत्राटी नियुक्तीतील विलंब म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेने कंत्राटी पद्धतीने मनुष्यबळ घेण्याचे ठरवल्यापासून निवड झालेली व्यक्ती प्रत्यक्ष काम सुरू करेपर्यंत लागणारा अपेक्षेहून अधिक काळ होय. शासकीय खाती, सार्वजनिक उपक्रम, महानगरपालिका, विद्यापीठे, बँका आणि मोठ्या खासगी कंपन्या या सर्वांमध्ये हा विलंब आढळतो. कायम पदे भरण्यास फार वेळ लागतो, म्हणून तातडीच्या कामासाठी कंत्राटी पद्धत स्वीकारली जाते. मात्र संस्था मोठी असल्यास कंत्राटी माणसालाही कामावर रुजू होण्यास अनेक आठवडे, क्वचित काही महिने लागतात. या विलंबाचे मूळ बहुधा एका व्यक्तीच्या दिरंगाईत नसून निरनिराळ्या कार्यालयांत वाटल्या गेलेल्या आणि एकामागून एक पार पडणाऱ्या मंजुऱ्या व पडताळण्यांच्या साखळीत असते. दरम्यान संस्थेचे काम अडते; परंतु प्रतीक्षेच्या या काळाचे वेतन कोणीही देत नसल्याने त्याचा थेट आर्थिक भार निवड झालेल्या व्यक्तीवर पडतो.

## संज्ञा आणि स्वरूप

'कंत्राटी नियुक्ती' हा शब्दप्रयोग व्यवहारात तीन भिन्न प्रकारांसाठी वापरला जातो.

पहिल्या प्रकारात संस्था मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराशी करार करते आणि कर्मचारी त्या कंत्राटदाराचे असतात. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, वाहनचालक, संगणकचालक आणि कार्यालयीन साहाय्यक बहुधा या मार्गाने येतात. कायद्याच्या भाषेत अशा संस्थेला 'मुख्य नियोक्ता' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात संस्था ठरावीक मुदतीसाठी व्यक्तीशी स्वतःच करार करते आणि एकत्रित मानधन देते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक किंवा शासकीय प्रकल्पांतील तज्ज्ञ यांची नेमणूक या प्रकारची असते. तिसऱ्या प्रकारात स्वतंत्र व्यावसायिक संस्थेला सेवा पुरवतो आणि तिचे देयक सादर करतो. संस्थेच्या दप्तरी तो कर्मचारी नसून पुरवठादार असतो.

विलंबाचे मोजमाप करताना तीन कालखंड वेगळे धरावे लागतात: मागणी नोंदवल्यापासून निवड होईपर्यंतचा, निवडीपासून रुजू होण्यापर्यंतचा आणि रुजू झाल्यापासून प्रत्यक्ष काम करता येईपर्यंतचा. मोठ्या संस्थांच्या अहवालांत बहुधा यांपैकी एकाच कालखंडाची नोंद असते. त्यामुळे भरती वेळेत झाल्याचे कागदोपत्री दिसत असताना नवा माणूस प्रवेशपास, संगणकीय खाते किंवा साहित्य यांची वाट पाहत बसलेला असणे शक्य असते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

मध्यस्थामार्फत माणसे घेण्याची पद्धत भारतातील आधुनिक उद्योगांइतकीच जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कामगार भरती प्रामुख्याने जॉबरच्या हाती होती. गावाकडून आलेल्या माणसाला काम मिळवून देणे, त्याच्यावर देखरेख करणे आणि प्रसंगी त्याला कामावरून दूर करणे हे सर्व अधिकार जॉबरकडे एकवटले होते. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्या माणसाला 'बदली' म्हणत. असे बदली कामगार पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दरवाजाशी जमत. त्या दिवशी काम न मिळाल्यास त्यांना मजुरीविना परतावे लागे. या पद्धतीत भरतीला वेळ लागत नसे, कारण निर्णय एका माणसाच्या हाती होता. मात्र त्याच कारणाने लाचखोरी आणि पक्षपात यांना मोकळे रान मिळत असे.

१९२९ मध्ये नेमलेल्या आणि व्हिटली आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचे अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर कंत्राटी श्रम (नियमन आणि निर्मूलन) अधिनियम, १९७० हा कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९७१ पासून तो अमलात आला. २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याने मुख्य नियोक्त्याची नोंदणी आणि कंत्राटदाराचा परवाना या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयक संहितेने ही मर्यादा ५० कामगारांवर नेली. ही संहिता इतर तीन श्रमसंहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. तिच्यात कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक असून कंत्राटदाराच्या परवान्याची मुदत पाच वर्षे ठेवली आहे.

अशा रीतीने भरतीचा अधिकार एका व्यक्तीकडून नियमांकडे गेला. नियमांनी मनमानीला आळा घातला, परंतु प्रत्येक नियमासाठी एक कागद, एक तपासणी आणि एक स्वाक्षरी यांची भर पडली.

## नियुक्तीचे टप्पे

शासकीय किंवा सार्वजनिक संस्थेत कंत्राटदारामार्फत माणूस घेताना सर्वसाधारणपणे पुढील टप्पे येतात.

* मागणी व मान्यता: ज्या विभागाला मनुष्यबळ हवे असते तो टिपणी सादर करतो. तीवर प्रशासकीय मान्यता आणि खर्चासाठी वित्तीय मान्यता घ्यावी लागते.
* निविदा: केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार निविदा सादर करण्यासाठी साधारणतः किमान तीन आठवड्यांची मुदत दिली जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, अर्थात 'जेम' या संकेतस्थळावरून मनुष्यबळ सेवाही घेता येतात.
* छाननी व कार्यादेश: तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्यांची स्वतंत्र छाननी होते. यशस्वी निविदाकाराने सुरक्षा अनामत भरल्यावर करार होतो आणि कार्यादेश निघतो.
* उमेदवाराची निवड: कंत्राटदार उमेदवारांची नावे पाठवतो, अनेक ठिकाणी संस्थेचे अधिकारी त्यांची पुन्हा मुलाखत घेतात.
* कागदपत्रांची तपासणी: आधार, पॅन, शैक्षणिक प्रमाणपत्रे, अनुभवाचे दाखले आणि बँक खाते तपासले जाते. कामाच्या स्वरूपानुसार पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला व वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते.
* सामाजिक सुरक्षा नोंदणी: भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक आणि, वेतनमर्यादेत बसत असल्यास, कर्मचारी राज्य विमा योजनेचा क्रमांक घ्यावा लागतो.
* रुजू करून घेणे: रुजू अहवाल, ओळखपत्र, प्रवेशपास, हजेरी यंत्रावरील नोंद आणि संगणकीय खाते या गोष्टी शेवटच्या टप्प्यात होतात.

खासगी कंपन्यांत निविदेचा भाग सौम्य असतो, परंतु त्याची जागा पुरवठादार नोंदणी, गोपनीयतेचा करार, पूर्वीच्या नोकऱ्यांची त्रयस्थ संस्थेमार्फत होणारी चौकशी आणि माहिती सुरक्षा विभागाची परवानगी हे टप्पे घेतात. स्वतंत्र व्यावसायिकाला पॅन, वस्तू व सेवा कराचा क्रमांक लागू असल्यास तो, उद्यम नोंदणी आणि रद्द केलेला धनादेश सादर करून आधी स्वतःची पुरवठादार म्हणून नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद झाल्याशिवाय कार्यादेश निघत नाही आणि कार्यादेशाचा क्रमांक नसलेले देयक स्वीकारले जात नाही.

## विलंबाची कारणे

### एकामागून एक होणाऱ्या तपासण्या

एखाद्या कागदावर प्रत्यक्ष काम करण्यास लागणारा वेळ आणि तो कागद रांगेत पडून राहण्याचा वेळ यांत मोठी तफावत असते. उदाहरणादाखल, आठ टेबलांवरून जाणारी एक धारिका घेतली आणि प्रत्येक टेबलावरचे काम एका तासाचे, परंतु त्याआधी तीन कामाचे दिवस थांबावे लागते असे मानले, तर प्रत्यक्ष काम एका दिवसाचे भरते आणि प्रतीक्षा २४ दिवसांची. पाच दिवसांच्या आठवड्यात हा काळ जवळजवळ पाच आठवड्यांचा होतो. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले काम अर्ध्या वेळात केले तरी एकूण बचत केवळ चार तासांची होईल. उलट, आठपैकी ज्या चार तपासण्या परस्परांवर अवलंबून नाहीत त्या एकाच वेळी सुरू केल्या, तर प्रतीक्षा २४ वरून १५ दिवसांवर येईल. कर्मचाऱ्यांना अधिक झपाट्याने काम करण्याच्या सूचना देऊन हा विलंब फारसा कमी होत नाही, याचे स्पष्टीकरण या हिशेबात मिळते.

### त्रुटी आणि परत येणारी धारिका

दहा कागदपत्रांच्या संचात प्रत्येक कागद निर्दोष असण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तरी संपूर्ण संच पहिल्याच खेपेस निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच राहते. म्हणजे दहापैकी चार धारिका कोणत्या ना कोणत्या शेऱ्यासह परत फिरतात. परतलेली धारिका दुरुस्त होऊन आल्यावर बहुधा रांगेच्या शेवटी जाते, आणि तपासणारा पहिली त्रुटी आढळताच थांबला असेल तर दुसरी त्रुटी पुढच्या फेरीत उघड होते.

महाराष्ट्रात या त्रुटींपैकी एक नेहमीची त्रुटी नावाविषयीची असते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही रचना सर्व कागदपत्रांत सारखी नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात आडनाव आधी, तर बँकेच्या पासबुकात मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर, असे घडते. देवनागरीतील एकच नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, शपथपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातील प्रसिद्धी सादर करावी लागते. संगणकीय प्रणाली अक्षरशः जुळणी पाहत असल्याने माणसाला सहज कळणारा फरकही यंत्राला विसंगती वाटतो आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला आधार जोडण्याचे काम तेथे अडते.

### जबाबदारीची विभागणी

या प्रक्रियेत मुख्य नियोक्ता, कंत्राटदार आणि कर्मचारी असे तीन पक्ष असतात. संस्थेच्या आतही मागणी करणारा विभाग, आस्थापना शाखा, लेखा शाखा, सुरक्षा विभाग आणि संगणक विभाग स्वतंत्रपणे काम करतात. प्रत्येकाला आपल्यापुरता टप्पा दिसतो. संपूर्ण मार्ग कोणालाच दिसत नाही. निवड झालेली व्यक्ती कंत्राटदाराकडे चौकशी करते, तेव्हा धारिका संस्थेकडे असल्याचे सांगितले जाते. संस्था कंत्राटदाराकडून कागद येणे बाकी असल्याचे सांगते. दोन्ही उत्तरे खरी असू शकतात. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही मराठीतील प्रचलित म्हण शासकीय कार्यालयांवर रोख धरते; तथापि आकाराने मोठ्या झालेल्या खासगी संस्थांतही हाच प्रकार दिसतो.

तपासणी करणाऱ्याची बाजूही येथे लक्षात घ्यावी लागते. चुकीच्या माणसाला परवानगी दिल्यास त्याच्यावर ठपका येतो. योग्य माणसाला महिनाभर थांबवल्यास येत नाही. अशा परिस्थितीत आणखी एक कागद मागणे हा त्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग ठरतो.

### न्यायनिर्णयांनंतरची सावधगिरी

कर्नाटक राज्याचे सचिव विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी निर्णय दिला. रीतसर भरती प्रक्रियेविना झालेल्या तात्पुरत्या नेमणुका, केवळ दीर्घ सेवेच्या आधारे, कायम करण्याचा हक्क निर्माण होत नाही असे त्यात म्हटले आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार वर्षभरात २४० दिवस काम केल्यास सेवा अखंड मानली जात असे. या दोन गोष्टींमुळे पुढे हक्कसांगणी होऊ नये, यासाठी कार्यालये कमालीची सावध झाली. नियमित सेवेवर हक्क सांगणार नाही असे मुद्रांक कागदावरील हमीपत्र घेणे, ११ महिन्यांचा करार करणे आणि दोन करारांमध्ये काही दिवसांचा तांत्रिक खंड ठेवणे या प्रथा अनेक ठिकाणी रुळल्या.

त्यांचा एक परिणाम असा की तीच व्यक्ती, त्याच टेबलावर, तेच काम करण्यासाठी दरवर्षी नव्याने नियुक्त होते आणि वर वर्णन केलेले बरेचसे टप्पे दर वेळी पुन्हा पार करते. मुदतवाढीचा आदेश उशिरा निघाल्यास मधल्या काळातील मानधन अडकून राहते.

## परिणाम

निवड झालेल्या व्यक्तीवर: निवडीचे पत्र मिळाल्यावर माणूस आधीची नोकरी सोडतो, दुसरे प्रस्ताव नाकारतो, प्रसंगी दुसऱ्या गावात भाड्याने घर घेतो. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली गेली की या काळात त्याला वेतन, विमा किंवा भविष्य निर्वाह निधी यांपैकी काहीच मिळत नाही. ज्यांच्या हाती काही महिन्यांची शिल्लक असते तेच फार काळ थांबू शकतात. इतरांना मिळेल ते काम स्वीकारावे लागते. म्हणून दीर्घ प्रतीक्षा ही प्रत्यक्षात एक अघोषित चाळणी ठरते आणि तिचा गुणवत्तेशी संबंध नसतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बाबतीत नियुक्तीला उशीर झाल्यास मानधनाचे तास आपोआप कमी होतात, कारण शैक्षणिक वर्षाचा शेवट पुढे सरकत नाही.

संस्थेवर: ज्या कामासाठी माणूस हवा होता ते काम उपलब्ध कर्मचाऱ्यांवर पडते. निवड झालेल्यांपैकी चांगले उमेदवार अन्यत्र निघून जातात आणि निवडीची फेरी पुन्हा घ्यावी लागते. अनुभवाने शहाणे झालेले विभाग पुढच्या वर्षी गरजेहून अधिक माणसांची मागणी आधीच नोंदवून ठेवतात. त्यामुळे मंजुरीच्या रांगा आणखी लांबतात. करार संपत आलेल्या माणसालाच मुदतवाढ देत राहण्याकडेही कल वाढतो, कारण नवा माणूस आणणे त्याहून कठीण असते.

कामाच्या सुरक्षिततेवर: काम थांबवता येत नसेल तेव्हा आदेश निघण्यापूर्वीच माणसाला कामावर बोलावण्याचा प्रकार घडतो. अशा व्यक्तीचे नाव हजेरीपटावर नसते. या काळात अपघात झाल्यास नुकसानभरपाईसाठी ती कामावर होती हेच सिद्ध करावे लागते, आणि त्या दिवसांची मजुरी मिळणे कंत्राटदाराच्या मर्जीवर राहते.

## कायदेशीर तरतुदी आणि त्यांच्या मर्यादा

कंत्राटी कर्मचाऱ्याला मिळणारे कायदेशीर संरक्षण तो कामावर आल्याच्या क्षणापासून सुरू होते. १९७० च्या अधिनियमाखालील १९७१ च्या केंद्रीय नियमांनुसार कामावर घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत कंत्राटदाराने कामगाराला रोजगार पत्र द्यावयाचे असे. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते; ही तरतूद २०२० च्या संहितेतही कायम आहे. पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे सांगितले. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो विरुद्ध भारत सरकार या निर्णयात तात्पुरत्या करारांचा आणि बाह्यस्रोतांचा गैरवापर करून कर्मचाऱ्यांना दीर्घकाळ हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या प्रवृत्तीवर न्यायालयाने टीका केली.

पुरवठादार म्हणून काम करणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये देयक चुकते करण्याची कमाल मुदत ४५ दिवसांची आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तथापि ही मुदत सेवा स्वीकारल्यापासून मोजली जाते.

या सर्व तरतुदींचे घड्याळ काम सुरू झाल्यावर चालू लागते. निवड आणि रुजू होणे यांमधील काळासाठी संस्थेवर कालमर्यादा घालणारी किंवा त्या काळाचा मोबदला देणारी सर्वसाधारण तरतूद या कायद्यांत नाही.

## अमेरिकेतील अनुभव

विलंबाचा हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासारख्या संस्थांत कंत्राटी कर्मचाऱ्याला गोपनीय माहिती हाताळण्यासाठी सुरक्षा मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी व्यक्तीला स्वतःहून मागता येत नाही. त्यासाठी कंत्राटदार कंपनी किंवा शासकीय खाते यांचे प्रायोजकत्व लागते. मंजुरी असल्याशिवाय काम नाही आणि काम देणारा असल्याशिवाय मंजुरीसाठी अर्ज नाही, अशी परिस्थिती त्यातून निर्माण होते. २००४ च्या गुप्तवार्ता सुधारणा कायद्याने ९० टक्के अर्जांवर सरासरी ६० दिवसांत, म्हणजे तपासासाठी ४० आणि निर्णयासाठी २० दिवसांत, कार्यवाही करण्याचे उद्दिष्ट घालून दिले. एका खात्याने दिलेली मंजुरी दुसऱ्याने मान्य करावी असेही त्या कायद्यात सांगितले आहे. तरीही २०१८ मध्ये प्रलंबित तपासण्यांची संख्या ७ लाखांच्या वर गेली आणि अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने हा विषय आपल्या उच्च जोखमीच्या यादीत पुन्हा समाविष्ट केला. २०१९ मध्ये हे काम एका नव्या संरक्षण यंत्रणेकडे सोपवण्यात आले. अंतरिम मंजुरी आणि ठरावीक वर्षांनी होणाऱ्या फेरतपासणीऐवजी सतत चालणारी संगणकीय पडताळणी या उपायांवर तेथे भर दिला जातो.

अमेरिकेतील आणखी एक तरतूद महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे व मुंबईतील, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेकांच्या परिचयाची आहे. एच-१बी व्हिसावर गेलेल्या कर्मचाऱ्याला ग्राहक कंपनीचा प्रकल्प मिळेपर्यंत थांबावे लागले, तर त्या काळाला बोलीभाषेत 'बेंचवर असणे' म्हणतात. अमेरिकी नियमांनुसार, काम उपलब्ध नाही या कारणास्तव नियोक्त्याला वेतन थांबवता येत नाही. कर्मचारी देशात दाखल झाल्यापासून अधिकाधिक ३० दिवसांत वेतनाचे दायित्व सुरू होते. तो आधीपासून अमेरिकेतच असेल, तर ही मर्यादा काम करण्यास पात्र झाल्यापासून ६० दिवसांची आहे. नियमांचे उल्लंघन होत नाही असे नाही. परंतु प्रतीक्षेचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाला येथे कायद्याने उत्तर दिलेले आहे.

## विलंब कमी करण्याचे उपाय

* समांतर तपासणी: परस्परांवर अवलंबून नसलेल्या पडताळण्या एकाच दिवशी सुरू करणे. चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि शैक्षणिक प्रमाणपत्रांची खातरजमा यांना एकमेकींसाठी थांबण्याचे कारण नसते.
* एकच जबाबदार अधिकारी: मागणीपासून रुजू होईपर्यंत संपूर्ण धारिकेचा पाठपुरावा एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याकडे देणे आणि निवड झालेल्या व्यक्तीला धारिका कोठे आहे हे पाहता येईल अशी सोय करणे.
* त्रुटी एकाच वेळी कळवणे: संपूर्ण संच तपासून सर्व त्रुटींची एकच यादी देणे आणि दुरुस्त धारिका रांगेत पूर्वीच्या स्थानावर घेणे.
* पूर्वीची पडताळणी ग्राह्य धरणे: त्याच संस्थेत करार नूतनीकरण होत असताना न बदललेल्या बाबींची फेरतपासणी टाळणे.
* दर करार: ठरावीक मुदतीसाठी पात्र पुरवठादारांची यादी आधीच निश्चित करून ठेवणे, म्हणजे प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्र निविदा काढावी लागत नाही.
* जोखमीनुसार तपासणी: रोख रक्कम, औषधे, लहान मुले किंवा गोपनीय माहिती यांच्याशी संबंध येणाऱ्या कामांसाठी सखोल आणि इतर कामांसाठी मर्यादित पडताळणी ठेवणे.
* प्रतीक्षाकाळाचा मोबदला: निश्चित केलेल्या तारखेनंतर संस्थेच्या कारणाने उशीर झाल्यास काही प्रमाणात वेतन देण्याचे कलम करारात घालणे. विलंबाचा खर्च संस्थेच्या हिशेबात दिसू लागला, की तो कमी करण्याची निकडही संस्थेला जाणवते.

केवळ संगणकीकरण हा पुरेसा उपाय ठरत नाही. कागदाची साखळी तशीच ठेवून ती संकेतस्थळावर नेल्यास रांग अदृश्य होते, परंतु लहान होत नाही.

## मतभेद

पडताळण्या कमी करण्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की निविदा, परवाना आणि कागदपत्रांची तपासणी ही वशिलेबाजी, बनावट प्रमाणपत्रे आणि कामगारांची फसवणूक रोखणारी साधने आहेत. परवाना नसलेला किंवा भविष्य निर्वाह निधी न भरणारा कंत्राटदार घाईत निवडला गेला, तर नुकसान अखेर कामगाराचेच होते. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी झालेले नियम विलंबाच्या नावाखाली सैल करू नयेत, अशी या बाजूची भूमिका आहे.

दुसऱ्या बाजूला, मूळ आक्षेप कंत्राटी पद्धतीलाच आहे. कायमस्वरूपी कामासाठी कायम पदे भरावीत, म्हणजे दरवर्षीच्या नियुक्त्यांचा आणि त्यांतील विलंबाचा प्रश्नच उरणार नाही, असे कर्मचारी संघटना आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी मांडतात. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्यस्रोत संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याविषयी काढलेला शासन निर्णय या कारणाने वादग्रस्त ठरला. त्याला राज्यभर विरोध झाल्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करण्याची घोषणा झाली.

या दोन्ही भूमिकांत एक भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक ठरते. तपासणी असावी की नसावी हा एक प्रश्न आहे आणि तपासणी चालू असताना माणसाने कोणाच्या खर्चाने थांबावे हा दुसरा. पडताळणी काटेकोर ठेवूनही तिची कालमर्यादा निश्चित करता येते आणि ती ओलांडल्यास होणारा खर्च संस्थेकडे देता येतो. भारतातील सध्याच्या व्यवस्थेत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक करारावर सोडलेले आहे, आणि करारातील अटी ठरवण्याची ताकद थांबणाऱ्या माणसाकडे क्वचितच असते.